एकाच सुताची दोन कापडं

सोलापूरला आलेला पाहुणा परतीच्या गाडीला निघतो, तेव्हा शेंगाचटणीच्या पुड्याशेजारी त्याच्या पिशवीत दोन वस्तू हमखास असतात. एक चादर आणि एक-दोन टॉवेल. दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, दोन्ही सुती, दोन्ही मागावरून उतरलेल्या. तरी चादरीनं डोकं पुसायला गेलं तर पाणी इकडचं तिकडं होतं, आणि टॉवेल पांघरून डिसेंबरची रात्र निघत नाही. दोन्हींचं मूळ एकच कापूस. स्वभाव वेगळे होतात ते मागावर.

टॉवेलचा माग जवळून पाहण्यासारखा आहे. त्यावर उभ्या धाग्यांचे दोन बीम असतात. एका बीमचे धागे ताणून घट्ट धरलेले, दुसऱ्याचे मुद्दाम सैल सोडलेले. साध्या मागावर प्रत्येक आडवा धागा पडला की फणी त्याला ठोकून कापडाला भिडवते. टॉवेलच्या मागावर फणी पहिले दोन धागे थोडं अंतर राखून सोडते आणि तिसरा पडला की तिन्ही मिळून एकदम पुढे ढकलते. घट्ट धागे जागचे हलत नाहीत, सैल धागे मात्र आडव्या धाग्यांबरोबर पुढे सरकतात आणि त्यांची कडी उभी राहते. अशा हजारो कड्या पाणी धरतात. सुताला पाणी शोषायला कुणी वेगळं शिकवलेलं नसतं. कोणता धागा किती ताणायचा आणि फणी कधी ठोकायची, एवढ्या दोन सूचनांवर कापडाचं काम ठरून जातं.

ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेल्या माणसानं हा माग डोळ्यांसमोर ठेवला तर त्याचे बरेच पैसे वाचतील. ‘गेमिंग’ आणि ‘वर्कस्टेशन’ अशा दोन नावांनी विकल्या जाणाऱ्या कार्डांच्या पोटात अनेकदा एकच चिप असते. किमतीत मात्र दुपटीच्या घरातला फरक. मग जास्तीचे पैसे जातात कुठे?

दोन कार्डं शेजारी शेजारी

उदाहरणाला एनव्हिडियाची दोन कार्डं घेऊ. पहिलं जीफोर्स जीटीएक्स १६५०. हे एप्रिल २०१९मध्ये १४९ डॉलर किमतीला बाजारात आलं आणि कमी पैशांत गेम खेळू पाहणाऱ्या पोरांचं लाडकं झालं. दुसरं टी१०००, वर्कस्टेशनसाठीचं, २०२१चं. त्याआधी वीसेक वर्षं या वर्गातल्या कार्डांना एनव्हिडिया ‘क्वाड्रो’ म्हणत असे. २०२०च्या अखेरीस कंपनीनं नव्या कार्डांवरून ते नाव काढून टाकलं, म्हणून टी१०००च्या खोक्यावर ते दिसत नाही. जुन्या वळणाचे दुकानदार तोंडानं अजून क्वाड्रोच म्हणतात.

खोक्यातून काढून टेबलावर ठेवली तर दोघं एका घरातली वाटत नाहीत. १६५० बहुधा जाडजूड, प्लॅस्टिकच्या कवचाचं, एक किंवा दोन मोठे पंखे असलेलं आणि कॅबिनेटमध्ये दोन खाचांची जागा अडवणारं. टी१००० म्हणजे पट्टीसारखा प्रकार: लांबी साडेपंधरा सेंटिमीटर, उंची सातच्या आत, जाडी एका खाचेत बसेल एवढी, आणि एक इवलासा पंखा. पाठीमागे १६५०ला एचडीएमआयसारखे ओळखीचे पोर्ट. टी१०००ला ओळीनं चार मिनी डिस्प्लेपोर्ट, म्हणजे चार मॉनिटर एकाच वेळी. घरातली एचडीएमआयची केबल त्यांतल्या एकातही शिरत नाही, हे पुष्कळांना कार्ड घरी नेऊन बसवल्यावर कळतं आणि मग अडॅप्टरसाठी पुन्हा दुकानाची पायरी चढावी लागते.

कवच उघडलं की मात्र नातं कळतं. दोन्हींत ‘टीयू११७’ हीच चिप आहे: सुमारे ४७० कोटी ट्रान्झिस्टर, आणि त्यांतून घडलेले ८९६ छोटे गणक, ज्यांना कंपनी कूडा कोअर म्हणते. दोन्हींकडे चित्राची सामग्री ठेवायला ४ जीबी मेमरी (टी१०००ची ८ जीबीची आवृत्तीही मिळते). म्हणजे २०२१चं ‘नवं’ कार्ड २०१९च्याच सुताचं आहे.

आता ताकद मोजू. एक गणक घड्याळाच्या एका ठोक्यात एक गुणाकार आणि एक बेरीज, अशा दोन क्रिया करतो. १६५०चं घड्याळ जोरात असताना सेकंदाला १६६.५ कोटी ठोके देतं. ८९६ गुणिले २ गुणिले १६६.५ कोटी, म्हणजे सेकंदाला जवळपास तीन लाख कोटी क्रिया. टी१०००चं घड्याळ १३९.५ कोटी ठोक्यांचं, त्यामुळे हिशेब अडीच लाख कोटींवर थांबतो. खोक्यावर ‘टेराफ्लॉप’ असा भारदस्त शब्द दिसतो तो हाच. एक टेरा म्हणजे आपले एक लाख कोटी. मेमरीतून माहिती ओढण्यात टी१००० पुढे आहे: तिथे नव्या धाटणीची जीडीडीआर६ मेमरी आहे आणि ती सेकंदाला १६० जीबी वाहून नेते, तर २०१९च्या मूळ १६५०ची जीडीडीआर५ मेमरी १२८ जीबी. विजेचा खाऊ १६५०चा ७५ वॅट, टी१०००चा ५० वॅट.

नुसती बेरीज-वजाबाकी केली तर गणिती बळात गेमिंग कार्ड पाचव्या हिश्शानं सरस आणि वर स्वस्त. इथपर्यंतच वाचणाऱ्याला वर्कस्टेशन कार्ड ही लूट वाटेल. पण अजून आपण सूतच तोलतो आहोत. माग पाहिलेला नाही.

खेळाचं चित्र, कामाचं चित्र

गेममधलं चित्र म्हणजे रंगवलेल्या त्रिकोणांची गर्दी. झाड, गाडी, शत्रूचा चेहरा, सगळं त्रिकोणांचं बनलेलं, आणि त्यावर छायाचित्रासारखा पोत चिकटवलेला. सेकंदाला साठ चित्रं आली की डोळा फसतो आणि हालचाल दिसते. त्यातलं एखादं चित्र किंचित चुकलं, एखाद्या पानाचा रंग सेकंदाच्या साठाव्या भागापुरता बिघडला, तर कुणाच्या लक्षातही येत नाही. इथे वेग हवा. बारीकसारीक चूक माफ असते.

आता अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीकडे वळू. गाड्यांच्या इंजिनात लागणारे कॅमशाफ्ट बनवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरचीच. कॅमशाफ्ट म्हणजे दांड्यावर ठरावीक कोनात बसवलेले उंचवटे. दांडा फिरतो, उंचवटा झडपेला दाबतो, झडप उघडते. उंचवट्याचा वक्र केसभर चुकला तर झडप अवेळी उघडेल. अशी वस्तू संगणकावर आखणाऱ्याला पडद्यावर रंगीत पोत नको असतो. त्याला लाखो बारीक रेघा हव्या असतात: पलीकडच्या कडा आरपार दिसणाऱ्या, वस्तू मधोमध कापून आतली पोकळी दाखवणाऱ्या, माउसनं फिरवताना न तुटणाऱ्या. त्रिकोणाची मागची बाजू गेममध्ये कुणाला दिसत नाही म्हणून कार्ड ती बिनदिक्कत टाकून देतं. आखणीत मागची बाजूही तितकीच मोलाची. आणि इथे एक रेघ दिसायची राहिली तर भोक चुकीच्या जागी पडण्याची भीती.

दोन्ही कामं चित्रं काढण्याचीच, पण मागणी वेगळी. चिप दोन्ही करू शकते. कोणतं काम आधी आणि कोणत्या रीतीनं करायचं, हे तिला सांगणारा दुसराच कुणी असतो.

दुभाष्याची करामत

सोलापुरात मराठी, तेलुगू आणि कन्नड अशा तीन भाषा एकाच चौकात ऐकू येतात. पूर्व भागातल्या विणकाम करणाऱ्या पद्मशाली घरांतून तेलुगू, बाजारात मराठी, अक्कलकोटच्या बाजूनं आलेल्याच्या तोंडी कन्नड. अशा गावात चांगल्या दुभाष्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही. शब्दाला शब्द ठेवणारा दुभाष्या वेगळा, आणि व्यवहार ओळखून नेमकं सांगणारा वेगळा.

ग्राफिक्स कार्डाचा दुभाष्या म्हणजे ड्रायव्हर नावाचं सॉफ्टवेअर. आखणीचं सॉफ्टवेअर म्हणतं, ‘या दोन लाख रेघा काढ.’ ड्रायव्हर ते चिपच्या भाषेत नेतो. गेमिंग कार्डाचा ड्रायव्हर गेमच्या बोलीत तरबेज, आणि नवा गेम आला की त्यासाठी नवा ड्रायव्हर बहुधा हजर. वर्कस्टेशन कार्डाचा ड्रायव्हर सीमेन्स एनएक्स, कॅटिया, क्रिओ, सॉलिडवर्क्स या आखणीच्या सॉफ्टवेअरच्या बोलीत मुरलेला. ही सॉफ्टवेअर प्रामुख्यानं ओपनजीएल नावाच्या पद्धतीनं कार्डाशी बोलत आली आहेत. तिथले रेघांचे, दुहेरी प्रकाशाचे, काटछेदाचे जलद मार्ग कंपनी वर्कस्टेशनच्या ड्रायव्हरमध्ये मोकळे ठेवते आणि गेमिंगच्या ड्रायव्हरमध्ये आखडते. व्यावसायिक सॉफ्टवेअरवर कार्डांची परीक्षा घेणारी स्पेक व्ह्यूपर्फ नावाची चाचणी आहे. तिच्या सीमेन्स एनएक्सच्या भागात छोटंसं वर्कस्टेशन कार्ड आपल्या दुप्पट-तिप्पट ताकदीच्या गेमिंग कार्डाला मागे टाकतं, हे वर्षानुवर्षं दिसत आलं आहे.

हा अडसर सिलिकॉनमध्ये नसून सूचनांमध्ये आहे, याचा सज्जड पुरावा खुद्द कंपनीनंच दिला. २०१७च्या जूनमध्ये स्पर्धक एएमडीचं व्हेगा फ्रंटियर एडिशन हे कार्ड बाजारात आलं आणि व्यावसायिक कामांत एनव्हिडियाच्या महागड्या टायटन एक्सपीशी त्याची तुलना होऊ लागली. जुलै संपता संपता एनव्हिडियानं टायटनसाठी नवा ड्रायव्हर सोडला आणि मायासारख्या सॉफ्टवेअरमध्ये तिपटीपर्यंत वेग वाढेल असं जाहीर केलं. कार्ड तेच, ग्राहकाच्या कॅबिनेटमध्ये आधीपासून बसलेलं. रातोरात बदलला तो दुभाष्या.

हौशी मंडळींनी हे त्याच्याही आधी ओळखलं होतं. १९९९मध्ये जीफोर्स २५६ आलं आणि त्याच चिपवर पहिलं क्वाड्रोही निघालं. लवकरच लोकांच्या ध्यानात आलं, की कार्डावरचा इवलासा रेझिस्टर एका जागेवरून काढून दुसऱ्या जागी डाखला की संगणक जीफोर्सला क्वाड्रो समजतो आणि क्वाड्रोचा ड्रायव्हर बिनतक्रार चालतो. पुढे कंपनीनं अशा वाटा बुजवत नेल्या. पण त्या डाखणीनं एक गोष्ट उघडी पाडली: किमतीतला मोठा हिस्सा चिपचा नव्हता.

मग तो हिस्सा निव्वळ फसवणूक म्हणायचा का? अर्धं खरं आहे. एकाच चिपला दोन किमती लावण्यामागे व्यापार आहेच. जो कामातून कमावतो त्याच्याकडून जास्त घ्यायचं, हे गणित बाजाराला नवं नाही. एएमडीनंही २०२२मध्ये रेडिऑन आरएक्स ६४०० आणि रेडिऑन प्रो डब्ल्यू६४०० ही एकाच चिपची दोन कार्डं दोन गिऱ्हाइकांसाठी आणली. पण उरलेलं अर्धंही खरं आहे. वर्कस्टेशनचा ड्रायव्हर सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीच्या संगतीनं तपासला जातो आणि कोणत्या कार्डावर कोणता ड्रायव्हर पास झाला त्याची यादी जाहीर होते. सॉलिडवर्क्समध्ये धातूची चकाकी खऱ्यासारखी दाखवणारी रिअलव्ह्यू नावाची सोय अशा मान्य कार्डांवरच अधिकृतपणे चालते. आणि चालू आखणीत सॉफ्टवेअर कोसळलं, मदतीसाठी फोन लावला, तर पलीकडून पहिला प्रश्न कार्ड कोणतं आणि ड्रायव्हर कोणता हाच येतो. यादीबाहेरचं नाव सांगितलं की पुढचं बोलणं तिथेच अडकतं. जास्तीचे पैसे आपण देतो ते या प्रश्नाच्या उत्तरासाठी.

सगळाच फरक ड्रायव्हरचा असतो असंही नाही. मोठ्या वर्कस्टेशन कार्डांत मेमरीतली चूक स्वतः पकडून दुरुस्त करणारी ईसीसी ही सोय असते; २०२१चं आरटीएक्स ए२०००, ६ जीबीचं, त्यातलं एक. हा फरक कुठल्याही डाखणीनं भरून निघत नाही. टी१००० मात्र त्या पंगतीतलं नाही, हे वर्कस्टेशन या शब्दाला भुलण्याआधी ध्यानात ठेवावं.

सोलापूरचं ऊन

परदेशी परीक्षणं वाचून कार्ड घेणाऱ्यानं एक गोष्ट आपल्या हिशेबात धरायची असते: मे महिना. चिपची उष्णता शेवटी खोलीतल्या हवेलाच द्यायची असते. परीक्षण करणाऱ्याची खोली २२-२४ अंशांची. सोलापुरात पत्र्याच्या छताखालची खोली चाळिशी ओलांडते. म्हणजे कार्डाची सुरुवातच सतरा-अठरा अंश वरून होते. तापमान मर्यादेच्या जवळ गेलं की चिप स्वतःच ठोके कमी करते, आणि खोक्यावरचे तीन लाख कोटी मग खोक्यावरच राहतात.

५० वॅटच्या कार्डाला इथे आपोआप थोडी सवलत मिळते, पण त्याचा पंखाही लहान. लहान पंख्याला तेवढीच हवा ढकलायला जास्त वेगानं फिरावं लागतं आणि तो किणकिणतो. १६५०चे मोठे पंखे उघड्या कॅबिनेटमध्ये आरामात फिरतात. कारखान्याच्या आवारातल्या संगणकाला याहून मोठा वैरी म्हणजे सुताची उडती लव. मागाच्या खोलीला लागून ऑफिस असेल तर दोन-तीन महिन्यांत पंख्याच्या पात्यांवर आणि ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांमध्ये तिचा नमद्यासारखा थर बसतो. तिथे दोन्ही कार्डांची गत सारखीच. पंखा हातानं धरून मारलेला ब्लोअर हाच इलाज. पंखा धरायचा कारण तो वाऱ्यानं भलत्या वेगात फिरला तर त्याचं बेअरिंग जातं.

वीजबिलाचा बाऊ मात्र करू नये. दोघांत २५ वॅटचा फरक. दिवसाला दहा तास, वर्षाला तीनशे दिवस कार्ड पूर्ण जोमानं चाललं, तरी फरक ७५ युनिटचा. युनिटला दहा रुपये धरले तर साडेसातशे रुपये. एवढ्यासाठी दुप्पट किमतीचं कार्ड घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

वॅट आडवे येतात ते वेगळ्या ठिकाणी. ऑफिसांतून निघालेले छोट्या चणीचे जुने ब्रँडेड संगणक सध्या पुष्कळ विकत घेतले जातात. त्यांचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, तुटपुंजा, कार्डाला वेगळी वीज देणारी वायर नाही, आणि जागा एका पातळ खाचेची. मदरबोर्डाची खाच स्वतः जास्तीत जास्त ७५ वॅट देते. १६५०चा मूळ आराखडा तेवढ्यात भागतो, पण ठोके वाढवून विकल्या जाणाऱ्या कित्येक १६५०ना सहा पिनांची वेगळी वायर लागते. टी१०००ला लागत नाही आणि ते जागेतही बसतं. अशा डब्यात निवड कार्ड करत नाही, डबाच करतो.

कार्डाचं मूळ घर

या प्रकरणात वारंवार येणारा ‘कार्ड’ हा शब्द सोलापूरच्या मागावर संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहे. जोसेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच माणसानं १८०४च्या सुमारास लिऑंमध्ये भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग उभा केला. भोक असेल तिथे उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथे खाली राहतो. एका आडव्या धाग्याला एक पुठ्ठा. १८३९मध्ये त्याचंच रेशमी व्यक्तिचित्र अशा मागावर विणलं गेलं, त्याला सुमारे २४ हजार कार्डं लागली. चार्ल्स बॅबेजकडे त्याची प्रत होती, आणि आपल्या नियोजित गणनयंत्राला सूचना देण्यासाठी त्यानं हीच कार्डांची कल्पना उचलली. चादरीवर मोर विणणारं जॅकार्ड आणि पडद्यावर मोर रंगवणारं कार्ड यांचं गोत्र इथे जुळतं.

मग गमतीची गोष्ट अशी, की आजच्या चादरीच्या डिझायनरला या दोन्ही कार्डांची फारशी गरज नाही. पुठ्ठ्यांची जागा फाइलनं घेतली आहे. समजा, जॅकार्ड २,६८८ हुकांचं आहे आणि डिझाइन ४,००० आडव्या धाग्यांचं. एका चौकोनाला एक बाइट धरला तर सगळी नक्षी सव्वा कोटीच्याही आत, एक कोटी सात-आठ लाख बाइटांत मावते. ४ जीबी मेमरीत अशा चारेकशे नक्ष्या बसतील. हे सपाट चौकोनांचं काम प्रोसेसरबरोबर येणारं अंगभूत ग्राफिक्सही झोपेत करतं. इथे पैसे घालायचेच तर रंग खरे दाखवणाऱ्या मॉनिटरवर घालावेत. पडद्यावर पाहून मागवलेली लाल चादर डाळिंबी निघाली तर व्यापारी परत पाठवतो. कार्ड कोणतं होतं ते विचारत नाही.

बाकीच्यांचा निवाडा आता सोपा आहे. इंजिनिअरिंगला शिकणारी मुलगी ऑटोकॅड, रेव्हिट, इन्व्हेंटर वापरत असेल तर ही सॉफ्टवेअर विंडोजच्या डायरेक्टएक्स पद्धतीनं बोलतात, जी गेमचीही बोली आहे. तिला गेमिंग कार्ड पुरतं आणि रविवारी भावालाही उपयोगी पडतं. लग्नाचे व्हिडिओ जोडणारा, ब्लेंडरमध्ये बंगल्याची थ्रीडी चित्रं काढून बिल्डरला देणारा, यांना कच्ची ताकद आणि जास्त मेमरी लागते. त्यांनी वर्कस्टेशनच्या पैशांत वरच्या पायरीचं गेमिंग कार्ड घ्यावं. रंगांच्या बारीक छटा दाखवणारी ३० बिटची सोय पूर्वी वर्कस्टेशनची मिरास होती. २०१९मध्ये एनव्हिडियानं ती स्टुडिओ ड्रायव्हरवाटे जीफोर्सलाही मोकळी केली. उरला तो एनएक्स, कॅटिया, क्रिओ किंवा सॉलिडवर्क्सचा रीतसर परवाना घेऊन रोज आठ तास सुटे भाग आखणारा. त्याच्यासाठी टी१००० महाग नाही. सॉफ्टवेअरवर लाखात खर्च करून कार्डावर काही हजार वाचवणाऱ्याला ते हजार बंद पडलेल्या दुपारींच्या रूपानं फेडावे लागतात.

तेव्हा दुकानात शिरताना खिशात तीन गोष्टी लिहून न्याव्यात: आपल्या सॉफ्टवेअरचं नाव आणि आवृत्ती, तिच्या मान्य कार्डांच्या यादीत काय आहे ते, आणि कॅबिनेटमध्ये मोकळी खाच किती जाड व एसएमपीएस किती वॅटचा. मॉनिटरच्या केबलचं टोक कसं आहे तेही पाहून जावं. ‘यांतलं भारी कोणतं?’ एवढाच प्रश्न विचारलात तर दुकानदार समोर असलेलं महागडं खोकं पुढे सरकवेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही. चादरीच्या दुकानात असं होत नाही. तिथे दुकानदार आधी विचारतो, पांघरायला हवं की पुसायला.